सगळ्यात आधी सुटणारं जहाज

“दुपारचं जेवण बनवणारी माणसं आणि रात्रीचं बनवणारी माणसं एकच असतात की वेगळी?” मधूमामानं विचारलं.

जहाजाचं माहितीपत्रक माझ्या हातात होतं. चकचकीत कागदावर पांढऱ्या टोप्या घातलेले आचारी ओळीनं उभे होते, पण त्यांच्या पाळ्या कशा लागतात ते काही त्यात लिहिलेलं नव्हतं. कंपनीला विचारून सांगते, असं मी म्हटलं. मामानं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न काढला. बंदराला लागल्यावर मासे तिथल्या बाजारातून घेतात, की निघतानाच गोठवलेले भरून घेतात?

मी मामीकडे बघून हसले. ती हसली नाही. खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत बसली होती.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. पार्ल्याला माझं लहानसं ऑफिस होतं आणि लोकांच्या परदेशच्या सहली आखून देणं हा माझा धंदा. मधूमामा, म्हणजे मधुसूदन त्रिलोकेकर, माझ्या आईचा धाकटा भाऊ. गोदीत इंजिनिअर म्हणून त्याचा जन्म गेला. हेमामामी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. मूलबाळ नव्हतं. दोघं निवृत्त झाली आणि फिरायला लागली ती थांबलीच नाहीत. नॉर्वे झालं, अलास्का झालं, नाईल नदीतली बोट झाली. माझी पहिली गिऱ्हाइकं तीच आणि सगळ्यात अवघडही तीच. आम्ही पाठारे प्रभू मुळातच खाण्याच्या बाबतीत नखरेल, त्यात मामा म्हणजे पुढची पायरी. हॉटेलातली खोली कशीही चालेल, पण सूप कोमट आलं तर तो ते परत पाठवायचा.

परत आल्यावर दोघं आमच्याकडे जेवायला यायची. मामा काय काय खाल्लं ते चार वाक्यांत सांगून मोकळा व्हायचा. बाकी सगळा प्रवास मामीचा. शेजारच्या केबिनमधल्या नवरा-बायकोचं भांडण, विमानतळावर हरवलेला पोलिश म्हातारा, टॅक्सीवाल्याची बोलण्याची लकब, सगळं ती नकला करून सांगायची. माझी आई हसून हसून पदर डोळ्यांना लावायची. तिला म्हणायची, हेमा, तुझ्यामुळे आमचं तिकीट वाचतं बघ.

त्या मार्चमध्ये मात्र मामाचंच बोलणं चालू होतं. देश बघून झाले, आता फक्त जेवायला जायचं, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. ज्याचं जेवण नावाजलेलं आहे असं जहाज हवं. नाचगाणी नकोत, जुगाराचे अड्डे नकोत, पाण्याच्या घसरगुंड्या नकोत. माणसं कमी आणि स्वयंपाकघर मोठं. ठरलेल्या वेळेला ठरलेल्या टेबलावर बसवणारं नको, भूक लागेल तेव्हा जेवायला देणारं हवं.

अशी जहाजं फार नसतात. ज्यांनी दोन-चार समुद्रप्रवास केलेत, ज्यांना आता झगमगाटाचं काही वाटत नाही, त्यांच्यासाठीच ती असतात. आचारी प्रवाशांना घेऊन बंदरावरच्या मंडईत जातात, संध्याकाळी तीच भाजी, तोच मासा ताटात येतो. मला अशी चार-पाच जहाजं माहीत होती. मी एकेक काढून दाखवत गेले.

पहिलं मामाला पसंत पडलं. मामी म्हणाली, फार फ्रेंच वाटतंय. दुसरं तर मला स्वतःलाच जावंसं वाटावं असं होतं. त्यावर ती म्हणाली, यात समुद्रातलेच दिवस जास्त आहेत, बंदरं कमी. तिसऱ्याच्या वेळी ती कारणसुद्धा न देता म्हणाली, “अजून एखादं बघ ना, उजू.”

मला नवल वाटलं. आजवर जहाज मामा निवडायचा आणि मामी बॅग भरायची. इतकं चिकित्सक ती कधी वागली नव्हती. शिवाय गप्प गप्प. मी चहा मागवला, तर तिनं तो निवून पार पाणी होईपर्यंत तसाच ठेवला आणि मग एक घोट घेऊन बाजूला सारला.

मी सप्टेंबर सुचवला. भूमध्य समुद्रात तेव्हा हवा सुंदर असते, गर्दीही ओसरलेली असते. मामा एकदम म्हणाला, सप्टेंबर नाही, मेच्या आत. का, ते त्यानं सांगितलं नाही. जाता जाता दारात थांबून त्यानं आणखी एक विचारलं. तिखट नको, आंबट नको, जरा मऊ करून द्या असं सांगितलं तर ही माणसं ऐकतात का? मला वाटलं, मामा म्हातारा झाला. ऐकतात, म्हणून मी सांगितलं.

चौथं जहाज एका इटालियन कंपनीचं होतं. छोटं, देखणं, आणि त्याच्या जेवणाविषयी माझ्या धंद्यातली माणसंही आदरानं बोलायची. एप्रिलच्या अखेरीस निघून दोन आठवड्यांनी परत. योगायोगानं त्या कंपनीनं तेव्हाच मुंबईत जेवण ठेवलं होतं. फोर्टमधल्या एका हॉटेलात, दुपारी, जहाजावरचा मुख्य आचारी स्वतः येऊन चार पदार्थ करून खिलवणार होता. निवडक गिऱ्हाइकांना बोलावणं होतं. मी दोघांची नावं दिली. पत्रकं वाचून ठरत नसेल तर खाऊनच ठरवा, असा माझा साधा हिशोब.

मामी त्या दिवशी मोरपंखी नारायणपेठ नेसून आली होती. छान दिसत होती, पण बरीच वाळली होती. गोल टेबलावर मी, ती आणि मामा शेजारी शेजारी बसलो. आचारी जेनोव्हाचा होता, उंच, लाजाळू. इंग्रजी बेताचंच. त्यानं दोन वाक्यांत स्वागत केलं आणि आत निघून गेला.

आधी थंड टोमॅटोचं सूप आलं, व्हिनेगर घातलेलं. मामीनं एक चमचा घेतला. क्षणभर तिचा हात तसाच वाटीवर राहिला. मग तिनं दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, आणि वाटी रिकामी केली. मामाची वाटी भरलेलीच होती. तो तिच्याकडे बघत होता.

“कसं आहे?” त्यानं विचारलं.

“छान आहे.”

नंतर पाव आला, जाड कडक कवचाचा, सोबत ऑलिव्हचं तेल. मग लिंबू आणि भरड मिरी लावून भाजलेला मासा. मामी सगळं खात होती. घास लहान, चावणं सावकाश, एकाच बाजूनं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते नॅपकिननं टिपत होती, नाकाला मिरी गेल्यासारखं करून. मी खोलीतला एसी, शेजारच्या टेबलावरचं बोलणं, कशाकशात मन घालायचा प्रयत्न केला. काहीतरी बिनसलंय एवढं मला कळत होतं. मामा आपल्या माशाला हातही न लावता तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे न बघता खात होती.

शेवटी संत्र्याचं कस्टर्ड आलं. तेही तिनं संपवलं. मग खुर्ची मागे सारून उठली, आलेच म्हणाली आणि बाहेर गेली.

मामा मला म्हणाला, “जा तिच्याबरोबर.”

बायकांच्या स्वच्छतागृहात ती बेसिनवर वाकून चुळा भरत होती. मी जवळ गेले. पांढऱ्या बेसिनमध्ये पाणी गुलाबी दिसत होतं. तिनं आरशात मला पाहिलं, पण लपवायचा प्रयत्न केला नाही. आणखी दोन चुळा भरल्या, नळ बंद केला आणि तिथल्या छोट्या कोचावर बसली.

जिभेच्या कडेला, मागच्या बाजूला होतं. जानेवारीत एक चट्टा म्हणून सुरू झालं. दाढ लागते असं वाटलं, दाढ घासून घेतली. चट्टा बरा झाला नाही. मग तुकडा काढून तपासला. टाटाला दाखवून झालं होतं. अर्धी जीभ काढावी लागेल, आणि लवकर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं ती अगदी भूगोल शिकवल्यासारखं सांगत होती. कुणालाच कळवलं नव्हतं, माझ्या आईलाही नाही.

मी तिचा हात धरला. मी म्हटलं, मग तू हे असलं आंबट-तिखट का खाल्लंस?

“मला काही लागत नाही गं,” ती म्हणाली. “मीठ कळत नाही, गोड कळत नाही. आंबटानं नुसती आग होते. ह्यांना वाटतं, जीभ आहे तोवर मला जगातलं सगळं चांगलं खाऊ घालावं. मला चव लागत नाही हे ह्यांना सांगू नकोस. त्यांना करण्यासारखं एवढंच उरलंय.”

मी विचारलं, ऑपरेशन कधी आहे? ती म्हणाली, जहाजावरून आल्यावर. आधी तिनं साफ नाही म्हटलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं गालाचं असंच ऑपरेशन झालं होतं, ते तिनं जवळून पाहिलं होतं. मामानं खूप समजावलं, मग समजावणंच सोडलं आणि जेवणही सोडलं. शेवटी हा तोडगा निघाला. आधी जहाज, मग ऑपरेशन. दोघांनी एकमेकांना शब्द दिला.

आम्ही परत आलो. मामा उभाच होता. त्यानं विचारलं, मग, हेच ठरवायचं का?

मामी पदर सारखा करत म्हणाली, “जरा तेलकट वाटलं मला. अजून एखादं बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं तर मामा जिन्यात उभा होता. एकटाच. आत येऊन बसला. मी रात्रभर ठरवत होते की याला सांगायचंच. मामीनं नको म्हटलं होतं, पण चव लागत नसताना दोन आठवडे हे असलं जेवण, आणि त्यापायी ऑपरेशन पुढे ढकलायचं, हे मला सहन होत नव्हतं. मी सुरुवात केली. मामा, मामीला खरं तर...

“चव लागत नाही. माहीत आहे मला,” तो म्हणाला.

महिन्याभरापूर्वी तिनं कोलंबीचं खडखडलं केलं होतं, त्यात मीठच नव्हतं. तिनं त्याच्यासमोर बसून ते खाल्लं आणि काही म्हणाली नाही. त्यानंही खाल्लं आणि काही म्हणाला नाही. तेव्हापासून आमटीत कधी दुप्पट मीठ असायचं, कधी बिलकूल नाही. तो सगळं जेवत होता.

मग हे जहाज कशाला, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा. मामा टेबलावरच्या पत्रकांच्या कडा एका रेषेत लावत राहिला.

“जहाज नको म्हटलं तर तिचा होकार कुठून आणू?” तो म्हणाला. “तिनं जहाजाला हो म्हटलंय, ऑपरेशनला नाही. आणि उजू, ती प्रत्येक जहाजाला नाही म्हणते ते का, कळलं का तुला? जहाज ठरलं की तारीख ठरते.”

मी खुर्चीत मागे टेकले. तीन आठवडे मी त्यांना पत्रकं दाखवत होते. काल ती तो कडक पाव चावून चावून का खात होती तेही आता कळलं. दुखतंय असं दिसलं असतं तर मामा तसाच तिला उचलून हॉस्पिटलात घेऊन गेला असता.

डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. तो म्हणाला, डॉक्टर म्हणतात उद्या या. हात धरून जबरदस्ती करता येत नाही ना, असंही तेच म्हणतात.

खाली भाजीवाल्याशी कुणीतरी घासाघीस करत होतं. मग मामानं ती सगळी पत्रकं उचलून माझ्याकडे सरकवली.

“सगळ्यात आधी सुटणारं कुठलं आहे?”

मी कॉम्प्युटरवर शोधलं. दोघांकडे युरोपचा लांब मुदतीचा व्हिसा होता, ती अडचण नव्हती. पुढच्याच आठवड्यात रोमजवळच्या बंदरातून एक जहाज निघत होतं. नेपल्स, सिसिली, माल्टा करून आठवड्यात परत. प्रचंड मोठं जहाज, हजारो माणसं, दिवसभर चालणारा बुफे, तळलेल्या बटाट्यांचे डोंगर. मामाला मी एरवी असल्या जहाजाचं नावही सांगितलं नसतं. मी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला. त्यानं तारीख वाचली. त्या जहाजाच्या स्वयंपाकघराबद्दल त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

“तू सांग तिला,” तो म्हणाला. “म्हणावं, जेवणाला याच्या तोडीचं दुसरं नाही. माझ्यावर ती आता विश्वास ठेवायची नाही.”

मी त्या संध्याकाळी त्यांच्या खारच्या घरी गेले. मामीनं माझ्यासाठी लाडू काढून ठेवले होते. मी पत्रक उघडलं आणि पाठ केल्यासारखं बोलू लागले. ताजे मासे, सिसिलीची फळं, नवा आचारी. मामा खिडकीशी पाठमोरा उभा होता. मामी चित्रं बघत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं. लांबच लांब टेबलं, त्यावर स्टीलची झाकणं, आणि ताटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं.

“बुफे आहे का गं?” तिनं विचारलं.

हो, म्हणाले.

तिनं मान वर करून मामाच्या पाठीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पत्रक मिटून माझ्या हातात दिलं.

“बरं,” ती म्हणाली. “हेच करू.”

तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे आम्हालाही कळलं होतं. मी लाडू खाल्ला. त्यात साखर कितीतरी जास्त होती. चांगला झालाय, असं मी सांगितलं.

दोघं प्रवासाला गेली. मला वाटलं होतं, मामी ऐनवेळी माघार घेईल. तिनं घेतली नाही.

जहाज माल्टाला लागलं त्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. मामीचा आवाज. मी घाबरले, पण ती म्हणाली सगळं ठीक आहे, हे मंडळींबरोबर मासळीबाजार बघायला गेलेत, मी केबिनच्या बाल्कनीत बसलेय. मग ती बोलायला लागली. शब्द जरा जड येत होते, स आणि र घासले जात होते, पण बोलणं तिचंच. गावाचा दगड कसा आंब्याच्या वडीसारखा पिवळा आहे ते सांगितलं. केबिन आवरायला येणारी फिलिपिनो मुलगी टॉवेलाचे हत्ती-माकडं करून पलंगावर ठेवते आणि हे त्यांना घाबरून ओरडले, ते सांगितलं. शेजारच्या केबिनमधली इंग्रज बाई रोज सकाळी नवऱ्याला त्याच्या गोळ्यांची नावं पाठ म्हणायला लावते, तिची तिनं नक्कल केली. मी हसले. तीही हसली आणि तिला थांबावं लागलं.

मग म्हणाली, आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलो होतो. मला बोट लागली आणि ह्यांनी आपली नवी टोपी माझ्यापुढे धरली. ती टोपी ह्यांनी समुद्रात टाकून दिली, आणि घरी सांगितलं वाऱ्यानं उडाली. सासूबाई मरेपर्यंत त्या वाऱ्याला शिव्या घालत होत्या. हे तुला कधी सांगितलं होतं का मी?

नव्हतं सांगितलं. मी म्हटलं, मामी, तुला त्रास होत असेल, पुरे आता.

“होतो,” ती म्हणाली. “पण आज बोलावंसं वाटलं.” आणि थोड्या वेळानं, “हे आले बघ. ठेवते.”

परत आल्यावर ती स्वतःच्या पायानं हॉस्पिटलात गेली आणि सही केली. दिलेला शब्द तिनं पाळला. पण आत उघडल्यावर ठरलं होतं त्याहून पुष्कळ जास्त काढावं लागलं, जवळजवळ सगळी जीभ, आणि गळ्याच्या गाठीही. मी डॉक्टरांना विचारलं, त्या पाच-सहा आठवड्यांनी फरक पडला का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटतं, ते खरंच सांगत होते.

मामी त्यानंतर तीन वर्षं जगली. पोटात घातलेल्या नळीतून तिला पातळ अन्न द्यायचे. जेवणाचं तिनं मनाला लावून घेतलं नाही. गेलं ते बोलणं. आम्ही सगळेच जिभेचा विचार करत होतो आणि आमच्या डोक्यात फक्त चव होती. डॉक्टरांनी आधी सांगितलं असणार, पण ते कुणी ऐकलंच नव्हतं. तिच्या तोंडून आवाज यायचा, चढउतार तिचेच असायचे, पण शब्द कळायचे नाहीत. पहिले काही महिने ती प्रयत्न करायची, मामा कान देऊन ऐकायचा, चुकीचं काहीतरी समजायचा, आणि दोघं दमून जायची. मग तिनं प्रयत्न सोडला. पाटी ठेवली.

त्या पावसाळ्यानंतर मामा एकदा दुपारी माझ्या ऑफिसात आला. कुठलं पत्रक मागितलं नाही. बसला आणि म्हणाला, माल्टाहून तिनं तुला फोन केला होता ना, काय म्हणाली?

मी विचारलं, तुला तिनं सांगितलं नाही? तो हातातल्या किल्ल्या बोटांत फिरवत राहिला.

“जहाजावर मीच बोलत होतो,” तो म्हणाला. “ती जेवायच्या खोलीत यायचीच नाही. मला पाठवायची, पोटभर जेवून या आणि मला येऊन सांगा म्हणायची. मी रोज येऊन सांगायचो. सूप कसं होतं, मासा कसा होता. कधी नव्हे तो तासन् तास बोललो मी. ती काही सांगायला लागली की मी म्हणायचो, गप्प राहा हेमा, तुला दुखेल.”

पाटीवर लिहीत असेल ना, मी म्हटलं.

“लिहिते. औषध, पंखा, दूधवाला. लिहिताना माणूस कामापुरतंच लिहितं.”

मी त्याला सगळं सांगितलं. पिवळा दगड, टॉवेलाचा हत्ती, इंग्रज बाई, टोपी. टोपीला तो हसला नाही, पुढे काय म्हणून माझ्याकडे बघत राहिला. संपल्यावर म्हणाला, अजून? मी म्हटलं, एवढंच, मग तू आलास.

नंतर तो अधूनमधून यायला लागला. मामी झोपलेली असायची तेव्हा, दुपारचा. मी गिऱ्हाईक नसेल तर दार लोटून घ्यायची आणि सांगायची. पहिल्यांदा सगळं जसंच्या तसं येत होतं. मग एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायला लागला. मी ते मामीसारखं म्हणून बघायची, पण तिची लकब माझ्या तोंडात बसत नव्हती, आणि पुढे पुढे तर मला तिचा आवाज ऐकू येईना, माझाच यायचा.

एकदा मी इंग्रज बाईचं सांगत होते. मामानं हात वर केला.

“असं नाही म्हणणार ती,” तो म्हणाला. “नीट आठव.”

मी डोळे मिटले आणि आठवायला लागले.